घरी टॅपेट सेट करताना: आधी 'टॅपेट की' हे हत्यार, मग बाकी सगळं

स्प्लेंडर, सीडी 100, पॅशन यांसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीचे टॅपेट घरी सेट करायचे असतील तर कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा. टॅपेटची फट ठरवणाऱ्या बारीक स्क्रूला पक्कड लावायची नाही. टोकाची नाही, साधी नाही, 'एवढ्या वेळेपुरती' तर अजिबातच नाही.

व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या, म्हणजे रॉकरच्या टोकाला जो ॲडजस्टिंग स्क्रू असतो, त्याचं डोकं छोटं आणि चौकोनी असतं. होंडाच्या घराण्यातल्या लहान इंजिनांत ते साधारण 3 मिमीचं असतं, काही मोठ्या इंजिनांत 4 मिमीचं. त्याच्याभोवती लॉकनट बसतो. स्क्रू फिरवून त्याचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट ठरवायची आणि लॉकनट आवळून ती पक्की करायची, एवढंच हे काम. अडचण आवळताना येते. नट फिरतो तसा तो स्क्रूलाही सोबत ओढतो, आणि ओढतो ते घट्ट होण्याच्या दिशेने. म्हणजे तुम्ही बरोबर सेट केलेली फट शेवटच्या क्षणी कमी होते आणि ते कळतही नाही.

हा फरक किती पडतो ते बघा. लहान इंजिनांतल्या या स्क्रूचे आटे बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या पिचचे असतात. पूर्ण एक फेरा मारला की स्क्रू 0.5 मिमी पुढे जातो. आपल्याला हवी असलेली फट 0.05 मिमी असेल तर तो फेऱ्याचा दहावा भाग झाला, म्हणजे 36 अंश. घड्याळाचा मिनिटकाटा सहा मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढ्यात शून्यापासून पूर्ण फटीपर्यंतचा सगळा खेळ आटोपतो. लॉकनट आवळताना स्क्रू 20 अंश जरी सोबत फिरला तरी जवळजवळ 0.03 मिमी गेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त फट गेली. पक्कडीने ते चौकोनी डोकं इतकं स्थिर धरता येत नाही. ती घसरते, डोक्याचे कोपरे झिजवते, आणि पुढच्या वेळी योग्य हत्यार आणलं तरी ते बसत नाही.

या कामासाठी टॅपेट की मिळते. तिच्या टोकाला चौकोनी खाच असते आणि वर बोटांनी धरण्याजोगी मूठ. एका हाताने की धरून ठेवायची, दुसऱ्या हाताने रिंगपान्याने नट आवळायचा. फार महाग वस्तू नाही ही. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या चांगल्या दुकानात विचारा. जाताना गाडीचं मॉडेल सांगा आणि खाचेचं माप बघून घ्या. सैल बसणारी की पक्कडीइतकंच नुकसान करते.

1. आपली गाडी या पद्धतीत बसते का ते आधी बघा

हा लेख स्क्रू आणि लॉकनट असलेल्या टॅपेटसाठी आहे. सगळ्या गाड्यांना तो लागू होत नाही.

रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनात, म्हणजे जुन्या क्लासिक 350 आणि 500 मध्ये, हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने फट आपोआप सांभाळणारे टॅपेट आहेत. तिथे फट सेट करायचा प्रश्नच येत नाही. तिथे आवाज येत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. केटीएम ड्यूक 390 मध्ये दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे) आणि शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात. फट बदलायची तर मोजून वेगळ्या जाडीची शिम घालावी लागते, आणि त्यासाठी कॅमशाफ्ट काढावा लागतो. नवख्याने पहिल्याच प्रयोगात तिकडे जाऊ नये.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे टॅपेट सिलिंडरच्या बाजूला खालच्या झाकणात असतात आणि तिथून रॉकरला ढकलणारी सळई, म्हणजे पुशरॉड, वर जातो. फिलरची (फट मोजायची) पाती घालायची जागाच नसते. दोन पातळ पान्यांनी ॲडजस्टर आणि लॉकनट धरून, पुशरॉड दोन बोटांत फिरवून बघतात. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तिथेही जाड पाना बसत नाही, बुलेटचे पातळ टॅपेट पानेच लागतात. बाकीचं सगळं तंत्र निराळं असल्यामुळे पुढे मी आडव्या इंजिनाबद्दलच लिहितो.

2. आकडा पुस्तिकेतून घ्या

इनलेट (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा) या व्हॉल्व्हची फट किती हवी हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर शोधा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि साल सांगून विचारा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. होंडाच्या जुन्या सी90 ला दोन्ही व्हॉल्व्हना 0.05 मिमी होतं. बजाजच्या पल्सर 150 ला इनलेट 0.05 आणि एक्झॉस्ट 0.10. एकाच सीसीच्या दोन गाड्यांत, इतकंच काय, एकाच मॉडेलच्या दोन पिढ्यांतही फरक असू शकतो.

आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गाडीजवळ ठेवा. 'इनलेट वर, एक्झॉस्ट खाली' हेही त्यावर लिहा. आडव्या इंजिनात कार्ब्युरेटरकडची वरची टोपी इनलेटची आणि सायलेन्सरच्या नळीकडची खालची एक्झॉस्टची. हात तेलाने भरल्यावर ही साधी गोष्टही गोंधळात टाकते.

3. हत्यारं जमवा

- टॅपेट की, आपल्या स्क्रूच्या चौकोनात घट्ट बसणारी
- लॉकनटसाठी रिंगपाना, या घराण्यात बहुधा 9 नंबरचा
- टॅपेटच्या टोप्यांसाठी रिंगपाना किंवा बॉक्स, बहुधा 17 नंबर
- मॅग्नेटचा (इंजिनाच्या डाव्या बाजूच्या फ्लायव्हीलचा) नट फिरवायला बॉक्स आणि हँडल, बहुधा 14 नंबर
- मॅग्नेट कव्हरवरच्या झाकणांसाठी रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर
- प्लग पाना
- मिलिमीटरमधला फिलर गेज
- टॅपेटच्या टोप्यांच्या नव्या ओ-रिंग
- टॉर्च, स्वच्छ सुती चिंध्या, थोडं पेट्रोल, जुना ब्रश

पान्यांचे नंबर मी 'बहुधा' म्हणून दिले आहेत, कारण मॉडेलनुसार ते बदलतात. आधी बसवून बघा. लॉकनटला फिक्स पाना लावू नका, रिंगपानाच लावा. नट छोटा आहे, त्याचे कोपरे गोल झाले की पुढचं सगळं काम अडतं.

फिलर गेजकडे दुकानात नीट लक्ष द्या. स्वस्त संचात सगळ्यात पातळ पाती 0.05 ची असते. तेवढ्यावर काम होतं, पण 0.03 किंवा 0.04 ची पाती असलेला संच मिळाला तर तोच घ्या. का, ते सातव्या पायरीत कळेल. दुसरं असं, की सरळ पाती टोपीच्या भोकातून तिरकी जाते आणि वाकते. वाकलेली पाती खोटा आकडा सांगते. टोकाशी कोनात वळवलेल्या पात्यांचा संच मिळतो, या इंजिनांसाठी तो फार सोयीचा. एवढ्या पातळ पात्या लवकर चुरगळतात, म्हणून वापरल्यावर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा.

कागदाचा तुकडा घालून बघणारे लोक भेटतील. झेरॉक्सचा साधा कागद साधारण 0.1 मिमीचा असतो, आणि तो दाबला जातो. त्याने माप होत नाही. हाताच्या अंदाजाने रॉकर हलवून अचूक सेट करणारे जुने मेस्त्री मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हाताला मी मानतो. पण तो हात अनेक वर्षांच्या कामातून येतो. नवख्याला फिलरच हवा.

4. इंजिन पूर्ण थंड हवं

दिलेला आकडा थंड इंजिनाचा असतो. होंडाच्या मॅन्युअलमध्ये तर 35 अंशांच्या खाली असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आता चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी 45 अंश असताना सावलीत उभ्या गाडीचं इंजिनही 'थंड' नसतं. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत काम करा. संध्याकाळी ऑफिसातून आलात आणि तासाभरात बसलात, हे चालणार नाही. बाहेरून हात लावून गार वाटलं तरी आतला भाग गरम असतो.

5. साफसफाई आणि झाकणं

गाडी डबल स्टँडवर, सपाट जमिनीवर घ्या. प्लगभोवती आणि टॅपेटच्या दोन्ही टोप्यांभोवती साचलेली माती आधी ब्रशने आणि पेट्रोलच्या चिंधीने काढा. प्लग काढल्यावर ती माती थेट सिलिंडरमध्ये पडते. पावसाळ्यानंतर काम करत असाल तर इथे जास्त वेळ द्या, चिखल वाळून पक्का झालेला असतो. पेट्रोल वापरताना आजूबाजूला विडी-सिगारेट नको.

मग प्लग काढा. त्यामुळे आत दाब तयार होत नाही आणि इंजिन हाताने हलकं फिरतं. टॅपेटच्या टोप्या काढा. खालच्या टोपीतून थोडं ऑइल येईल, खाली जुनं भांडं ठेवा. टोपी निघत नसेल तर पान्यावर पाइप घालून जोर करण्याऐवजी पाना पूर्ण खोल बसला आहे ना ते बघा आणि लाकडाच्या ठोकळ्याने पान्याला हलके टोले द्या. टोपी आणि हेड दोन्ही मऊ धातूचे आहेत. आटे गेले की खर्च कित्येक पटीने वाढतो.

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन गोल झाकणं असतात. मोठ्यातून मॅग्नेटचा नट दिसतो, लहानातून फ्लायव्हीलवरच्या खुणा. काही जुन्या गाड्यांत झाकणं नसतात, तिथे कव्हरच काढावं लागतं.

6. टी खूण जुळवा, कॉम्प्रेशनवर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

मॅग्नेटचा नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. दिशेबद्दल शंका असेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा, म्हणजे इंजिन आपोआप योग्य दिशेने फिरेल. किक वापरू नका. ती झटक्याने जाते आणि खूण निसटते.

लहान झाकणातून टॉर्च मारा. फ्लायव्हीलवर 'टी' आणि 'एफ' अशा दोन खुणा जवळजवळ असतात. एफ इग्निशनच्या टायमिंगची. आपल्याला टीची रेघ हवी, कव्हरवरच्या खुणेच्या बरोबर समोर. एफवर थांबून टॅपेट सेट करणं ही नवख्यांची हमखास चूक.

पण टी जुळली एवढ्याने भागत नाही. पिस्टन एका पूर्ण चक्रात दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा जळलेला वायू बाहेर फेकताना. दुसऱ्या वेळी व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसतात. तिथे सेट केलंत तर सगळं चुकलं. ओळखायचं असं: फिरवताना वरच्या टोपीतून इनलेटचा रॉकर बघत राहा. तो व्हॉल्व्हला खाली दाबेल आणि परत वर येईल. त्यानंतर येणारी पहिली टी ती कॉम्प्रेशनची. खात्रीसाठी दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ जाणवला पाहिजे. एक घट्ट आणि एक सैल असेल तर आणखी एक पूर्ण फेरा मारून टीवर या आणि पुन्हा बघा. तिथेही तोच टॅपेट घट्ट लागला तर तो खरोखरच घट्ट झालेला आहे, आणि हे काम हाती घेतलंत ते बरं झालं.

टी ओलांडून पुढे गेलात तर थोडं मागे येऊन काम भागवू नका. पुन्हा दोन फेरे मारून त्याच दिशेने खुणेवर या.

7. आधी मोजा, लगेच सेट करू नका

पाती पेट्रोलने पुसून कोरडी करा. स्क्रूचं खालचं टोक आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं डोकं यांच्या मधून ती सरकवा. समजा 0.05 हवं आहे. 0.05 ची पाती हलक्या ओढीने आत-बाहेर झाली पाहिजे. ती 'हलकी ओढ' नवीन माणसाला कळत नाही, म्हणून दोन पात्यांची युक्ती वापरा: 0.04 ची पाती सहज जाते आणि 0.06 किंवा 0.07 ची जातच नाही, अशी स्थिती हवी. अंदाजाला मग जागाच उरत नाही.

सापडलेला आकडा तारीख आणि किलोमीटर घालून लिहून ठेवा. फट बरोबर असेल तर स्क्रूला हात लावू नका. टोप्या बसवा आणि मोकळे व्हा.

एक बारकावा. खूप चाललेल्या गाडीत स्क्रूच्या टोकाला झिजून खळगा पडतो. सपाट पाती त्या खळग्यात शिरत नाही, काठांवर टेकते. पाती 0.05 सांगते आणि प्रत्यक्षात फट जास्त असते, म्हणून सेट करूनही टिकटिक जात नाही. अशा वेळी स्क्रू आणखी घट्ट करत जाण्यात अर्थ नाही. नवा स्क्रू आणि नट टाका.

8. फट सेट करा

रिंगपाना लॉकनटवर बसवा, त्यातून टॅपेट की स्क्रूच्या डोक्यावर बसवा. की स्थिर धरून नट पाव-अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. पाती मध्ये घाला. की बोटांनी हळूहळू उजवीकडे फिरवा म्हणजे फट कमी होते, डावीकडे फिरवली की वाढते. मनगटाचा जोर इथे लागतच नाही. पाती हलकी ओढून बघत थांबा.

आता की जागेवर घट्ट धरून ठेवा. ती हलू द्यायची नाही. दुसऱ्या हाताने नट आवळा. छोटा नट आहे, 9 न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क पुरतो. टॉर्क रेंच नसेल तर पाना मध्यावर धरून मनगटाने आवळा, खांद्याचा जोर नको. फार आवळलं तर आटे ओढले जातात. सैल ठेवलं तर नट चालत्या गाडीत सुटतो आणि आत पडतो.

पाती काढा आणि पुन्हा दोन पात्यांनी मोजा. फट कमी झालेली सापडण्याची शक्यता बरीच आहे. तसं झालं तर नट सैल करून फट किंचित जास्त ठेवा आणि परत आवळा. दोन-तीनदा करावं लागलं तरी चालतं, घाई करू नका. इनलेट झाला की एक्झॉस्ट. तो खाली असल्यामुळे हात वाकडा करावा लागतो, त्यामुळे बाजूला स्टुलावर किंवा जमिनीवर बसूनच करा.

ठरवता येत नसेल, कधी बरोबर वाटतंय तर कधी घट्ट, तर मर्यादेच्या सैल बाजूला राहा. एक्झॉस्टला तर नक्कीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त तापतो, आणि त्याची उष्णता मुख्यतः तो हेडमधल्या आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, टेकलेला असताना हेडमध्ये जाते. टॅपेट घट्ट असला की तो पूर्ण टेकत नाही, उष्णतेला वाट मिळत नाही आणि त्याची कड जळते. मग कॉम्प्रेशन जातं, गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, आणि खर्च हेड उघडण्यापर्यंत पोचतो. किंचित सैल टॅपेट फक्त आवाज करतो. म्हणूनच 'आवाज बंद कर' एवढंच सांगून गाडी गॅरेजमध्ये टाकू नका. आवाज बंद करायचा सगळ्यात सोपा उपाय टॅपेट घट्ट करणं हाच असतो.

9. दोन फेरे, पुन्हा मोजणी

इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून परत कॉम्प्रेशनच्या टीवर आणा आणि दोन्ही टॅपेट पुन्हा मोजा. ही पायरी गाळू नका. स्क्रू नीट बसला नसेल किंवा नट सैल राहिला असेल तर तो इथे सापडतो.

10. बंद करा, सुरू करा

टोप्यांच्या ओ-रिंग नव्या टाका, त्यांना ऑइलचं बोट लावा. टोप्या आधी हाताने फिरवा. आट्यात सरळ बसल्या की मगच पाना. प्लगही तसाच, आधी हाताने. मॅग्नेटच्या नटावर बॉक्स राहिला नाही ना, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, ऑइलची पातळी बरोबर आहे ना, हे बघून गाडी सुरू करा.

हलकी, एकसारखी टिकटिक ऐकू येईल. ती असायलाच हवी. गाडी आधीपेक्षा उशिरा सुरू झाली, मंद चालीवर बंद पडू लागली किंवा कार्ब्युरेटरमधून फटका मारला, तर टॅपेट घट्ट झालाय असं धरा आणि इंजिन थंड झाल्यावर पुन्हा मोजा. टिकटिकीऐवजी डाव्या बाजूने साखळीसारखी खडखड येत असेल तर तो कॅमचेनचा, म्हणजे कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा आवाज असण्याची शक्यता जास्त. टॅपेट कितीही सेट केले तरी तो जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोप्यांभोवती ऑइल पाझरतंय का ते बघा, विशेषतः खालच्या टोपीला.

मोजताना एक्झॉस्टची फट अगदी शून्य सापडली असेल तर ठरलेल्या सर्व्हिसपर्यंत थांबू नका. चारपाचशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजा. फट परत कमी झालेली दिसली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चालला आहे. अशा वेळी आपण लिहून ठेवलेले आकडे घेऊन चांगल्या मेस्त्रीकडे जा आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.